आधी त्रिकोण फिरवून बघ
रिप्रेझेंटेशनची, म्हणजे एक गोष्ट दुसऱ्या रूपात मांडण्याची, व्याख्या पाठ करत बसू नकोस. लोकलच्या डब्यातला नकाशा आठव: दादरला पश्चिम आणि मध्य रेल्वे भेटतात हे तो नेमकं सांगतो, अंतरं मात्र खरी नसतात. काय जपलं, काय सोडलं, हे प्रत्येक वेळी विचार.

आता पुठ्ठ्याचा समभुज त्रिकोण काप. तो फिरवून किंवा उलटवून स्वतःच्याच जागी बसवायच्या ६ रीती आहेत. प्रत्येकीचा २×२ मॅट्रिक्स (दोन ओळी, दोन स्तंभांचा संख्यांचा तक्ता) स्वतः लिही. दोन हालचाली लागोपाठ केल्या की त्यांच्या मॅट्रिक्सचा गुणाकार एकत्रित हालचालीचाच मॅट्रिक्स देतो (क्रम सांभाळ!). मला हे अजूनही विलक्षण वाटतं. अशा रिप्रेझेंटेशनच्या सिद्धांताचा पाया घालणारं गणिती फ्रोबेनियसचं १८९६ चं काम मग परकं वाटणार नाही. भौतिकशास्त्रातही असंच: हायझेनबर्गचे मॅट्रिक्स आणि श्रोडिंगरच्या लहरी ही एकाच क्वांटम सिद्धांताची (अणूंच्या जगाचे नियम सांगणाऱ्या) रूपं, हे १९२६ मध्ये कळलं. त्यातलं खरं कुठलं? तत्त्वज्ञान इथे सुरू होतं. त्याची घाई करू नकोस.