इंग्रजीतील ‘क्राय’ हा शब्द मूळचा रडण्याचा की ओरडण्याचा? ‘क्रंदन’शी त्याचे काही नाते आहे का?

मूळचा ओरडण्याचा. डोळ्यांतल्या पाण्याशी त्याचा संबंध बराच नंतर जडला.

१३व्या शतकात हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तेव्हा अर्थ होता गयावया करणे, मोठ्याने हाक मारणे. फ्रेंचमध्ये ‘क्रिये’ म्हणजे आजही ओरडणेच. रडण्याला तिथे ‘प्लरे’ म्हणतात. स्पॅनिश ‘ग्रितार’ आणि इटालियन ‘ग्रिदारे’ याच घराण्यातले, अर्थ तोच. सगळ्यांच्या मुळाशी लॅटिन ‘क्विरितारे’, म्हणजे टाहो फोडणे. रोमन पंडित व्हॅरोने त्याची फोड ‘क्विरितेस’ना, म्हणजे रोमच्या नागरिकांना, मदतीसाठी हाक मारणे अशी केली. ती वाचायला छान वाटते, पण बहुधा मागाहून जुळवलेली आहे. डुकराच्या चीत्कारासाठी लॅटिनमध्ये जवळजवळ असाच शब्द होता. आवाजाच्या नकलेतून तो झाला असावा, हे मला जास्त पटते.

रडण्यासाठी इंग्रजीचा स्वतःचा जुना शब्द ‘वीप’. १६व्या शतकापासून ‘क्राय’ त्याच्या जागी शिरू लागला. तरी १६११च्या किंग जेम्स बायबलात, म्हणजे बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात, फरक स्पष्ट दिसतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायात मित्र लाजर मेल्यावर येशू रडतो (वचन ३५), तिथे ‘वेप्ट’ आहे; कबरीपाशी तो लाजरला मोठ्याने हाक मारतो (वचन ४३), तिथे ‘क्राइड’.

जुना अर्थ आजही जिवंत आहे. दवंडी देणारा तो ‘टाउन क्रायर’. ‘ह्यू अँड क्राय’ ही तर जुन्या इंग्लिश कायद्यातली संज्ञा: चोर दिसताच ओरडा करायचा आणि ऐकणाऱ्यांनी त्याचा पाठलाग करायचा, १२८५च्या विंचेस्टर कायद्याने ही जबाबदारी लोकांवर टाकली होती.

भाषांतरात घोटाळा होतो तो इथेच. जुन्या कादंबरीत संवादापाठोपाठ ‘ही क्राइड’ आले की ‘तो ओरडला’ किंवा ‘उद्गारला’ लिहावे. पुष्कळदा तिथे ‘तो रडला’ छापलेले असते. ‘क्राय आउट’ म्हणजे ओरडणे. नाम म्हणून नुसते ‘अ क्राय’ बहुधा किंकाळी किंवा आरोळी, पण ‘अ गुड क्राय’ म्हणजे मनसोक्त रडणे. हुंदके देऊन रडण्याला ‘सॉब’. ‘वीप’ आता लेखनातच जास्त.

‘क्रंदन’शी नाते नाही. ‘क्र’ सारखा दिसतो, पण लॅटिन शब्द ‘क्वि’ने सुरू होतो, ‘क्र’ पुढे स्वर गळून झाला. अर्थाचा प्रवास मात्र सारखा आहे: संस्कृत ‘क्रन्द्’ म्हणजे आधी गर्जणे, ओरडणे, आणि मग विलाप करणे.