हात बदलू देऊ नकोस

प्रिय बाळा,

आशीर्वाद. परदेशातून मुलगा दत्तक घेताय, त्याबद्दलचं तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिली तीन पानं व्हिसा, तिकिटं, खोलीचा रंग आणि झोपायची गादी यांनी भरलीत. खरं ते शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात आलंय: "काकू, फोटो पाहून रडलो होतो, पण प्रत्यक्ष भेटलो तेव्हा काहीच वाटलं नाही. तो माझ्याकडे बघून हसला आणि मग फरशी पुसणाऱ्या बाईंकडे बघून अगदी तसाच हसला. इकडे विमानतळावर चाळीस माणसं यायची तयारी करतायत. आईला नाही कसं म्हणू?"

नाही म्हण. बाकीचं सगळं त्यानंतर.

आमची दत्तक मुलगी आली तेव्हा एकोणीस महिन्यांची होती. आमच्या स्वागतालाही माणसं आली होती. बाहेर पडल्यापासून गाडीत बसेपर्यंत ती अकरा जणांच्या कडेवर फिरली. मी मोजलं होतं, कारण मला अभिमान वाटत होता. एकदाही रडली नाही, प्रत्येकाकडे हसत गेली. "किती गोड, किती माणसाळलेली," सगळे म्हणाले, आणि मीही म्हणाले. तीन आठवड्यांनी बागेत एका अनोळखी बाईंनी सहज हात पुढे केले, तर ती त्यांच्या कडेवर जाऊन बसली. त्या चार पावलं चालल्या, वळल्या, पुढे गेल्या. तिने मागे वळून मला पाहिलंसुद्धा नाही. त्या क्षणी मला कळलं की ते हसू माझं नव्हतं. ती ज्याच्या हातात असेल त्याच्याकडे हसायची, कारण एकोणीस महिने ती अनाथालयात तेच शिकली होती. सांभाळणाऱ्या बायकांची एक पाळी संपली, दुसरी सुरू झाली, हात बदलले. नवे हात खूश राहिले तर बरं असतं, एवढंच तिला ठाऊक होतं.

म्हणून सांगते, हात बदलू देऊ नकोस. पहिले सहा महिने त्याला भरवणं, उचलणं, न्हाऊ घालणं, झोपवणं आणि लागलं-खुपलं तर जवळ घेणं ही पाच कामं तू आणि तुझी बायको सोडून कोणीही करायची नाहीत. आजी नाही, आत्या नाही, शेजारी नाही, कितीही प्रेमाचं माणूस असलं तरी नाही. त्यांनी भांडी घासावीत, कपडे धुवावेत, जेवण आणून दाराशी ठेवावं. खोलीत येऊन बसावं, त्याच्याशी बोलावं. त्याने त्यांच्याकडे हात पसरले तर त्यांनी हसून त्याला तुझ्याकडे वळवावं. आईला हे वाक्य तसंच्या तसं शिकव: "जा, बाबाकडे जा."

तू लिहितोस, आईला वाईट वाटेल. वाटेल. तू तीस वर्षांचा आहेस आणि तुझी आई त्याहून मोठी आहे, वाईट वाटणं दोघांनाही झेपेल. अडीच वर्षांच्या पोराला आणखी एक पाळी बदललेली झेपणार नाही. या बाबतीत माझ्याशी वाद घालू नकोस.

ही माझी एकटीची खुळचट समजूत नाही. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात हेच मांडलं होतं: तान्ह्या मुलाला आईशी, किंवा आईच्या जागी कायम राहणाऱ्या माणसाशी, उबदार आणि सलग नातं हवं. सलग हा शब्द अधोरेखित कर. संस्थेत दूध मिळतं, औषध मिळतं, कधी माया करणारी माणसंही मिळतात, पण सलग काही मिळत नाही. पुढे रोमानियातल्या अनाथालयांमधल्या मुलांवर अभ्यास झाले. बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे केले. अर्धी संगोपन करणाऱ्या कुटुंबांकडे गेली, बाकीच्यांचं पूर्वीसारखंच चालू राहिलं. घरी गेलेली मुलं सावरली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेली जास्त सावरली. आता लगेच घाबरून बसू नकोस की आपला अडीच वर्षांचा आहे. लवकर आलेल्याला सोपं जातं, एवढाच त्याचा अर्थ. उशिरा आलेल्याला दार बंद झालं असं त्यात कुठेही नाही. उलट, त्याच्या बाबतीत तुझ्याकडे चुका करायला वेळ कमी आहे, म्हणून आणखी ठामपणे सांगते, हात बदलू देऊ नकोस.

कागदपत्रांचं मी फारसं लिहीत नाही. परदेशातून मूल दत्तक घेण्याबाबतच्या १९९३ च्या हेग करारानुसार दोन्ही देशांची केंद्रीय प्राधिकरणं ती बघतात आणि तू ते सगळं माझ्यापेक्षा नीट केलं आहेस. फक्त एक. मुलाच्या मूळची माहिती जपून ठेवायची असं त्या करारातच आहे, पण ती पुढे हातात पडणं त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असतं. म्हणून मिळेल ते आत्ताच घे. संस्थेच्या दाराचा, त्याच्या पलंगाचा, त्याला सांभाळणाऱ्या बाईंचा फोटो काढ. त्याला कोणत्या नावाने हाक मारत होते ते त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित कर, आणि ते नाव बदलू नकोस. आम्ही बदललं. सुंदर नाव ठेवलं होतं, दोन महिने विचार करून. ती सहा आठवडे त्या नावाला वळली नाही आणि मी तिचे कान तपासून आणले.

संस्थेत त्या बाईंसोबत अर्धा तास मागून घे. अहवालात नसतं ते विचार. तो कुशीवर झोपतो की पालथा? रात्री दिवा चालू असतो का? खोलीत किती मुलं झोपतात? वीस मुलांच्या श्वासांत झोपलेल्या पोराला तुझी रंगवलेली शांत खोली भीतीची वाटेल. त्याला तुमच्याच खोलीत झोपव, रंग पुढे कामाला येईल. अजून बाटली घेतो का, किती गरम लागते, बाटलीच्या बुचाचं भोक केवढं आहे? अनेक संस्थांत हाताखाली मुलं खूप असतात म्हणून ते भोक मोठं करतात. मूल घटाघटा पितं आणि पुढे सगळंच तसं खातं, गालात साठवतं, उशीखाली लपवतं. ते काढून घेऊ नकोस. त्याला दिसेल अशा जागी खाण्याची एक वाटी कायम भरलेली ठेव, आणि ती भरताना तुझे हात त्याला दिसू देत. त्याच्या भाषेतले वीसेक शब्द पाठ कर: दुखतंय, भूक, शू, झोप, थांब, आलो, संपलं, मी इथेच आहे. काही महिन्यांत तो ती भाषा विसरायला लागेल, पण ते महिने मुकेपणात जायला नकोत.

आणि अंगावर असेल ते फडकं, पांघरूण, बनियन धुऊ नकोस. मी पहिल्याच रात्री तिचं मळकट फडकं गरम पाण्यात भिजवलं. सकाळी स्वच्छ करून तिच्या हातात दिलं. तिने वास घेतला आणि खाली टाकलं. तेवढा एकच वास तिच्यासोबत घरी आला होता, तो मी स्वच्छतेच्या नादात घालवला. या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली.

आल्यावर दोन आठवड्यांच्या आत डॉक्टरांकडे ने. रक्त, क्षयाची चाचणी, काविळीचे विषाणू, एचआयव्ही, शौचाचे एकाहून अधिक नमुने, कान, डोळे. तिकडचं लसीकरण कार्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस, डॉक्टरांना दाखव आणि काय पुन्हा द्यायचं ते त्यांना ठरवू दे. काही चाचण्या काही महिन्यांनी परत कराव्या लागतात, तेव्हा पहिला अहवाल चांगला आला म्हणून सोडून देऊ नकोस. उंची-वजन कमी दिसेल. संस्थेत काढलेल्या दर तीन महिन्यांमागे वाढ साधारण एक महिन्याने मागे पडते, असा डॉक्टरांचा ढोबळ हिशोब आहे. घरी आल्यावर ती बरीचशी भरून निघते. सुई डॉक्टर टोचतील, पण मांडी तुझी असली पाहिजे. परिचारिका म्हणाल्या "द्या इकडे, आम्ही धरतो", तरी द्यायचं नाही.

आता तुझं ते "काहीच वाटलं नाही". मलाही वाटलं नव्हतं. सहा-सात आठवडे मी एका परक्या मुलीची चोख सेवा करत होते, आणि रात्री नवऱ्याला झोप लागली की आपण फसवणूक करतोय असं वाटून जागी राहायचे. कोणाला बोलले नाही, ती चूक होती. तू बायकोला आजच सांग, तिलाही असंच काहीतरी होत असेल. फार दिवस उदासच राहिलात तर दोघांपैकी ज्याला गरज असेल त्याने डॉक्टरांना सांगा. पण वाटण्याची वाट बघत बसू नकोस. तुझे हात काम करत राहू देत. भरव, पूस, उचल, पुन्हा भरव. त्याच्याकडूनही तसंच येणार आहे, आधी सवय, मग ओळख, मग त्या पलीकडचं. तो आधी तुला चिकटेल आणि तिला ढकलेल, किंवा उलट. ज्याला ढकलेल त्याने भरवायचं.

रात्री तो रडला नाही तर शहाणा आहे असं समजू नकोस. आमची अंधारात डोळे उघडे ठेवून गप्प पडून असायची, कारण रडून कोणी येतं हे तिला माहीतच नव्हतं. मग ती रडली नाही तरी मी उठून तिच्याकडे जायला लागले. मी खोलीबाहेर गेले म्हणून ती पहिल्यांदा रडली, तोवर सहा महिने झाले होते. ते अकरा जण नसते तर कदाचित दोन-तीन महिन्यांतच रडली असती. कदाचित नसतीही. पण मला तसंच वाटतं आणि वाटत राहील.

बागेतल्या त्या दिवसानंतर मी दार लावून घेतलं. माझी थोरली बहीण लांबचा प्रवास करून आली होती. मुलीला घेऊ दे म्हणाली, मी नाही म्हटलं. चार महिन्यांनी परत आली, तेव्हाही नाही म्हटलं. ती दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. अजूनही घरात लोक म्हणतात मी अति केलं, एकदा मांडीवर दिलं असतं तर काय झालं असतं. काय झालं असतं मला माहीत नाही. मुलगी पडली की रडत माझ्याकडे धावायला लागली होती, एवढं मला माहीत आहे. बहिणीचं दुःख खरं होतं, मी ते पाहिलं, आणि परत तीच वेळ आली तरी मी तेच करेन. सुरुवातीलाच, विमानतळावरच, नाही म्हटलं असतं तर तिला इतकं लागलं नसतं, ही माझी खरी हळहळ. म्हणून तू आधी सांग. आत्ता, तिकीट काढायच्या आधी, आईजवळ बसून सांग. हवं तर हे पत्र वाचायला दे आणि राग माझ्यावर येऊ दे.

घरी पोहोचलात की एक ओळ लिही. फोन करू नकोस, तो झोपलेला असेल. तुला वाटेल काकू धावत येतील. येणार नाही. बोलावलंस तरी सहा महिने येणार नाही. आले की कोपऱ्यात खुर्चीवर बसेन, आणि तो माझ्याकडे आला तर तुझ्याकडे वळवेन.

तुझी,
काकू