शंभर युनिटची रेघ आणि पत्र्यावरचं सौर

प्रश्न : आमचं बिल 80-90 युनिटांचं, एप्रिल-मे मध्ये मात्र 110 पर्यंत जातं. घरावर पत्रे आहेत. छपरावरच्या सौरसाठी राज्याची ‘स्मार्ट’ योजना आहे, तिच्यात पदरचे किती घालावे लागतील? मीटर वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहे. (एक वाचक, जि. परभणी)

उत्तर : 1 किलोवॅटचा खर्च योजनेत सुमारे 50 हजार धरलाय. केंद्राचे (पीएम सूर्यघर) 30 हजार सगळ्यांना सारखेच. त्यावर राज्य दारिद्र्यरेषेखालच्या घराला 17,500, अनुसूचित जाती-जमातींना 15 हजार आणि बाकीच्यांना 10 हजार देतं. म्हणजे पदरचे अनुक्रमे अडीच, पाच आणि दहा हजार. पण दारिद्र्यरेषेखालचं कार्ड नसेल तर वापर महिन्याला 100 युनिटांच्या आत हवा आणि त्यासाठी मागची बिलं बघतात. तुमचे उन्हाळ्यातले 110 इथेच आडवे येतात. राज्याचा हिस्सा हुकला तरी केंद्राचे 30 हजार हुकत नाहीत.

मीटरचं नाव आधी बदलून घ्या. बिलावरचं नाव, आधार आणि बँक खातं यांत फरक असला की अनुदान अडकतं. थकबाकीही नको.

आता पत्रा. 1 किलोवॅटला साधारण 540 वॅटची दोन पॅनेल लागतात, एकेक 27-28 किलोचं. सावली नसलेली शंभरेक चौरस फूट जागा हवी. सांगाडा नुसत्या पत्र्याला नव्हे, खालच्या लोखंडी पर्लिनला (पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या दांड्यांना) कसला पाहिजे. स्क्रूखाली रबरी वॉशर नसेल तर पहिल्याच पावसात थेंब सुरू. सिमेंटचे पत्रे जुने असतील तर माणूस चढला तरी फुटतात. तिथे वेगळा स्टँड लागतो. दोन्ही पॅनेल एकाच मालिकेत जोडलेली असतात, म्हणून एकावर टाकीची सावली पडली तरी दुसऱ्याचंही उत्पादन पडू शकतं.

दिवसाला चारेक युनिट मिळतात. ‘बिल शून्य’ ही जाहिरातीची भाषा, स्थिर आकार येतोच. आणि लाइट गेली की हे सौरही बंद पडतं. बिघाड नाही तो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून सौरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, बॅटरीवाला नव्हे) तसाच बनवलेला असतो.

प्रश्न : सौर जमणार नाही. बिल 100 युनिटांच्या आत कसं आणावं? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : पंख्यापासून सुरुवात करा. जुना पंखा 75 वॅट खातो. 16 तास चालला तर महिन्याला 36 युनिट. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) पंखा 30 वॅटच्या आसपास, म्हणजे साडेचौदा. एका पंख्यामागे एकवीस युनिट वाचले. शंभरच्या पुढच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट, म्हणून हे वाचलेले युनिट तुमचे सगळ्यात महागडे युनिट असतात.

मात्र भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून वायर थेट जोडा. तो मध्ये राहिला तर पंख्यातलं सर्किट जळू शकतं, आणि मग ‘नवे पंखे टिकत नाहीत’ म्हणून दोष पंख्याला. जुन्याच पंख्याचा कपॅसिटर बदलला तर वारा वाढेल, बिल नाही उतरायचं.

पट्टीच्या ट्यूबला चोकसकट 52 वॅट लागतात, एलईडी पट्टीला 20. फ्रिजच्या दारात दहाची नोट अडकवून दार लावा. सहज ओढली गेली तर रबर सैल झालंय. फ्रिज टाकायची गरज नाही, रबर बदला.

प्रश्न : भाड्याच्या खोलीत सौरचं अनुदान मिळतं का? (एक वाचक, भिवंडी)

उत्तर : नाही. घर आणि छप्पर स्वतःचं लागतं. तुम्ही बीएलडीसी पंखा आणि एलईडी पट्टी घ्या. खोली सोडताना दोन्ही काढून नेता येतात.