तीळ काढायचा की तपासायचा?

मागच्या लेखाच्या शेवटी एक ओळ सहज लिहिली होती : तीळ बदलत असेल तर दाखवून घ्या. त्या एका ओळीवर जितकी पत्रं आली, तितकी अख्ख्या लेखावर आली नाहीत. बहुतेकांना डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं, सुचवलेली आहे आणि पुढे काय, हे विचारायचं राहून गेलं आहे. त्यातली काही पत्रं आज घेते.

आई ५८ वर्षांची आहे, आयुष्य शेतात गेलं. डाव्या टाचेवर दोन वर्षांपासून काळा डाग आहे. आम्ही भोवरी समजून मेडिकलमधल्या पट्ट्या लावत राहिलो. आता तो पसरलाय, मधूनमधून पाणी येतं. डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली आहे, पण मामा म्हणतात, अशा जागी सुई लागली की दुखणं खवळतं. आईला शुगरही आहे. काय करावं? — एक वाचक, बार्शी

बायोप्सी करून घ्या, आणि शक्यतो याच आठवड्यात.

मामांवर रागावू नका. त्यांनी असं घडताना पाहिलेलं असणार. आपल्याकडे माणूस दवाखान्यात येतो तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. मग बायोप्सी होते, चार-सहा महिन्यांत माणूस जातो आणि गावात सांगितलं जातं की चांगला हिंडता-फिरता होता, सुई लावली आणि संपला. आजार सुईच्या आधीच पोचलेला असतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. तुकडा काढल्याने मेलॅनोमा पसरत नाही. पसरतो तो वाट पाहण्याने.

मेलॅनोमा हा रंगपेशींचा कर्करोग. गोऱ्या लोकांत त्याचा उन्हाशी मोठा संबंध असतो. आपल्या सावळ्या कातडीत तो मुळातच कमी दिसतो, पण दिसतो तेव्हा बरेचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली. तिथे उन्हाचा काही संबंध नसतो. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्यात १९७७ साली निघाला तो याच जातीचा. आधी ती फुटबॉलची इजा वाटली होती. १९८१ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी ते गेले. आपल्याकडे फुटबॉलच्या जागी भोवरी, काटा किंवा चिखल्या असतात, एवढाच फरक. आईचा डाग मेलॅनोमाच आहे असं मी म्हणत नाही. पत्रावरून ते कुणीच सांगू शकणार नाही. पण दोन वर्षांत पसरलेला आणि पाझरणारा टाचेवरचा काळा डाग पट्टी लावून ठेवायचा नसतो.

आता तयारी. आजपासून त्या जागेवर चुना, नवसागर, कॉर्नकॅप, काहीही नको. मेंदी किंवा आळता नको, खालचा रंग कळत नाही. शुगरची ताजी तपासणी करून रिपोर्ट सोबत न्या. शुगर फार वाढलेली असेल तर टाचेची जखम भरायला वेळ लागेल, हे डॉक्टरांना आधी कळलेलं बरं. मात्र फक्त शुगरच्या नावाखाली महिना-दोन महिने पुढे ढकलायचं नाही. सकाळी पाय साबणाने धुऊन, पुसून, कोरडे करून न्या.

डाग मोठा असेल तर डॉक्टर तो अख्खा काढणार नाहीत. सगळ्यात जाड किंवा काळ्या भागातून तुकडा घेतील. ‘पूर्ण का नाही काढला’ म्हणून नाराज होऊ नका. पूर्ण काढताना कडेची किती कातडी घ्यायची, हे तुकड्याच्या रिपोर्टवर ठरतं. जांघेत अवधाण आलंय का, हेही ते हाताने पाहतील. आईला आधी सांगून ठेवा, म्हणजे त्या संकोचणार नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण दवाखान्यात ती ‘मुंगी चावल्यासारखं वाटेल’ म्हणून उरकली जाते. तळपायातलं भुलीचं इंजेक्शन दुखतं. चांगलंच दुखतं. अर्धा-एक मिनिट. नंतर मात्र काही कळत नाही. तळपायाचे टाके साधारण दोन आठवडे ठेवतात आणि तेवढे दिवस टाचेवर भार नको. तेव्हा खरा प्रश्न धारा कोण काढणार आणि पाणी कोण धरणार, हा आहे. तो आदल्या दिवशी सोडवा, म्हणजे आई तिसऱ्या दिवशी गोठ्यात दिसणार नाहीत. येताना मोटारसायकलवर पाय लोंबकळत आणू नका. सैल चप्पल आणि रिक्षा.

वय ६३, दीड वर्षापूर्वी स्टेंट बसवला. पाठीवरचा तीळ काढून तपासायचा आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती दिवस आधी बंद करू? रात्रीपासून उपाशी राहायचं का? — एक वाचक, ठाणे

आपल्या मनाने एकही दिवस नाही. स्टेंट असताना ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती असते, आणि ती पाठीवरच्या दोन-चार टाक्यांतून थोडं जास्त रक्त आलं यापेक्षा कितीतरी मोठी आहे. कातडीतलं रक्त दाबून, टाका घालून किंवा कॉटरीने, म्हणजे विजेवरच्या उपकरणाने जाळून, थांबवता येतं. काही बदल करायचाच असेल तर तो तुमचे हृदयरोगतज्ज्ञ करतील. शेजारचे, किंवा ‘मी पण केला होता’ असं सांगणारे मित्र नव्हेत. वॉर्फरिनसारखी गोळी घेणाऱ्यांनी मात्र अलीकडची आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, तपासणी सोबत ठेवावी.

गोळ्यांची नावं पाठ करून सांगू नका, पाकिटंच घेऊन जा. ‘ती छोटी गुलाबी, सकाळची’ या वर्णनावरून औषध ओळखण्यात माझी अर्धी ओपीडी जाते. त्यात लसणाच्या कॅप्सूल, माशाचं तेल, काढे, चूर्णंही दाखवा. त्यांतली काही रक्तावर परिणाम करतात आणि ‘ते काय औषध थोडंच आहे’ म्हणून घरीच राहतात. पेसमेकर असेल तर तो कॉटरी लावायच्या आधी सांगायचा. कुठल्या औषधाने कधी अंगावर उठलं असेल तर तेही. भुलीचं औषध बहुधा लिग्नोकेनच असतं, दाताच्या डॉक्टरांकडचं, त्यामुळे दाढ काढताना काही त्रास झाला होता का, एवढं आठवून ठेवा. त्यात ॲड्रिनलिन मिसळलेलं असेल तर थोडी धडधड होते आणि आपोआप बसते. हृदयाचा त्रास आहे म्हटल्यावर डॉक्टर प्रमाण त्याप्रमाणे ठरवतात.

उपाशी अजिबात राहू नका. ही पूर्ण भूल नाही, नेहमीचे पोहे खाऊन या. बीपीची गोळी घेऊन या.

पाठीच्या तिळाची एक वेगळीच गंमत असते, आणि ती वेळीच लक्षात आली नाही तर गंमत राहत नाही. पाठीवर बरेच तीळ असतात, तुम्हाला ते दिसत नाहीत, आणि महिन्यापूर्वी ज्या तिळावर बोट ठेवलं होतं तो नेमका कोणता, हे त्या दिवशी दोघांनाही आठवत नाही. म्हणून आदल्या दिवशी घरच्यांकडून दोन फोटो काढून घ्या. एक लांबून, खांदा आणि कंबर दिसेल असा, आणि एक जवळून, शेजारी मिलिमीटरची पट्टी धरून. सुई टोचण्याआधी डॉक्टरांना पेनने खूण करायला सांगा आणि आरशात पाहून ‘हाच’ म्हणा. समोर बटणं असलेला जुना शर्ट घाला. पाठीची पट्टी स्वतःला बदलता येत नाही, ती कोण बदलणार हेही ठरवून ठेवा.

मी २६ वर्षांची. उजव्या गालावर तीळ आहे, गेल्या सहा महिन्यांत एका बाजूने काळा आणि वाकडा झालाय. सहा आठवड्यांवर लग्न आहे. पार्लरमध्ये म्हणाले, लेझरने पाच मिनिटांत जाईल, टाका नाही, डाग नाही. डॉक्टर मात्र तपासायचं म्हणतात. आई म्हणते, गालावरचा तीळ भाग्याचा, हातच लावू नको. — एक वाचक, पुणे

भाग्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पार्लरबद्दल आहे.

लेझर किंवा कॉटरीने तीळ जाळला की तपासायला काही उरत नाही. दिसायला गाल स्वच्छ होतो आणि आत काय होतं, ते कायमचं अंधारात जातं. पुढे वर्षभराने त्याच जागी पुन्हा काळं आलं, तर तेव्हाच्या तुकड्यावरून निदान करणं पॅथॉलॉजिस्टला अवघड जातं, कारण व्रणातली रंगपेशी साधी असली तरी संशयास्पद दिसते. केस बांधून तीळ पाडणं किंवा चुना-सोडा लावणं यांचंही तेच. बदलत नसलेला, तपासून घेतलेला तीळ हौसेने काढायला माझी हरकत नाही. बदलणारा तीळ न तपासता जाळायला आहे.

तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी, आकार वाकडा होणं आणि एका बाजूने रंग बदलणं, याच आम्ही पाहतो. त्याशिवाय कडा फाटल्यासारखी आहे का, रुंदी ६ मिलिमीटरच्या वर आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बदल चालू आहे का. पण तुमच्या वयाला चेहऱ्यावरचे बहुतेक तीळ निरुपद्रवीच निघतात. म्हणून आधी डर्मोस्कोपने पाहू द्या. भिंगासारखं उपकरण असतं, साधारण दहापट मोठं दाखवतं. टोचत नाही, कापत नाही. निम्म्या मुली तिथूनच हसत घरी जातात.

काढायचं ठरलं तर या आठवड्यात काढा, लग्नाच्या आदल्या आठवड्यात नको. चेहऱ्याचे टाके पाच ते सात दिवसांत निघतात. जखम पूर्ण मिटली की, साधारण दोन आठवड्यांनी, त्यावर मेकअप चालतो. लालसर रेघ मात्र काही महिने राहील आणि अल्बममधल्या क्लोजअपमध्ये बारकाईने पाहणाऱ्याला ती दिसेल. ‘डाग नाही’ असं कापणारा कुणीही सांगत असेल तर तो खोटं बोलतोय. तुमच्या किंवा घरच्यांच्या अंगावर टोचल्या जागी जाड वण उठत असेल, कान टोचल्यावर गाठ आली असेल, तर आधी सांगा. त्या दिवशी चेहऱ्याला क्रीम, फाउंडेशन काही लावू नका. आदल्या आठवड्यात ब्लीच, फेशियल नको. आणि हळदीच्या दिवशी त्या गालाला मेहुण्या-वहिन्यांचा हात लागू देऊ नका. ताज्या व्रणावर ती हळद नको.

इंजेक्शन पाहिलं तरी मला चक्कर येते. बेशुद्ध करून करता येईल का? — एक वाचक, लातूर

एवढ्याशा कामासाठी पूर्ण भूल म्हणजे ढेकणासाठी तोफ. टेबलावर आडवे असाल तर चक्कर सहसा येत नाही, म्हणून बसून करून घेऊ नका आणि तुमची ही सवय आधीच सांगा. खाऊन या, पाणी पिऊन या, तिकडे बघू नका, नंतर पाच-दहा मिनिटं पडून राहा. सोबत कुणीतरी असू द्या. खरं सांगायचं तर चक्कर येणारे बहुतेक पुरुष असतात, आणि रुग्णापेक्षा दाराशी उभा असलेला नवराच जास्त वेळा.

ट्रेकवरून उतरल्यापासून अंगठ्याचं नख काळं आहे, दोन महिने झाले. शिवाय हाताच्या एका बोटाच्या नखावर काळी उभी रेघ आहे. डॉक्टर नखाची बायोप्सी म्हणतात. — एक वाचक, नाशिक

अंगठ्याचं बहुधा साकळलेलं रक्त आहे. नख वाढतं तसं ते पुढे सरकतं आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागतं. पायाचं नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तेव्हा दर महिन्याला फोटो काढा. सरकत नसेल तर दाखवा.

रेघेचं वेगळं. सावळ्या लोकांत अनेक नखांवर बारीक रेघा असतात, त्या साध्या. पण एकाच नखावर नवी आलेली, रुंद होत जाणारी, किंवा जिचा रंग नखाच्या मुळाशी कातडीवर सांडलाय अशी रेघ असेल, तर डॉक्टर बरोबर सांगतायत. नेलपॉलिश काढून, अंगठ्या उतरवून जा, नख स्वतः कापू नका. सगळं बोट बधिर करतात. भूल उतरल्यावर ठणकतं, त्यामुळे दुखणं सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्या आणि रात्री हात उशीवर उंच ठेवून झोपा. नंतरचं नख थोडं चिरलेलं किंवा वाकडं येऊ शकतं. हे करण्याआधी विचारून घ्यायचं असतं.

डॉक्टरांनी वडिलांच्या तिळाचा तुकडा बाटलीत घालून हातात दिला आणि लॅबमध्ये द्या म्हणाले. रविवार होता, मी बाटली फ्रिजमध्ये ठेवली. त्यातलं पाणी कमी वाटलं म्हणून भर घालणार होतो, बायकोने अडवलं. आता रिपोर्टमध्ये ‘आणखी तपासण्या आवश्यक’ असं आलंय. माझ्यामुळे बिघडलं का? — एक वाचक, सावंतवाडी

तुमच्या पत्नीला माझा नमस्कार सांगा. ते पाणी नसतं, फॉर्मालिन असतं, तुकडा सडू नये म्हणून. तुकड्याच्या किमान दहापट ते असावं लागतं. पाणी घातलं की ते पातळ होतं आणि पेशी खराब होतात. बाटली साध्या खोलीतल्या तापमानाला, घट्ट झाकून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची. दुधाच्या पातेल्याशेजारी नक्कीच नाही, वास डोळ्यांना झोंबतो आणि ते विषारी असतं. तुमचा तुकडा फ्रिजने बिघडलेला नाही.

बाटली हातात घेताना तीन गोष्टी पाहायच्या : झाकणावर नव्हे तर बाटलीवर नाव आहे का, तुकडा द्रवात पूर्ण बुडालाय का, आणि सोबतच्या कागदावर जागा, वय, किती दिवसांचा डाग, हे लिहिलंय का. नुसतं ‘तीळ’ लिहिलेल्या कागदावर पॅथॉलॉजिस्ट काय करणार?

‘आणखी तपासण्या’ म्हणजे त्याच तुकड्यावर वेगळी रसायनं लावून पेशी कुठल्या जातीच्या आहेत ते पाहणं. नवीन तुकडा सहसा लागत नाही, आठवडाभर जास्त लागतो. मेलॅनोमा निघालाच, तर रिपोर्टमध्ये ‘ब्रेस्लो’ नावाची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. पुढचं बरंचसं त्या आकड्यावर ठरतं, म्हणून ती नसेल तर विचारा. दुसरं मत घ्यायचं असेल तर वडिलांना घेऊन धावपळ करण्याआधी लॅबमधून तुकड्याच्या काचपट्ट्या आणि तो ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या. मुंबईतलं टाटा मेमोरियल बाहेरच्या काचपट्ट्या आणि ब्लॉक पुन्हा तपासतं. तो छोटा चौकोनी ब्लॉक हाच खरा तुकडा आहे, रिपोर्ट हरवला तर पुन्हा मिळतो, ब्लॉक मिळत नाही. पाकिटात घालून, नाव लिहून कपाटात ठेवा. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत नको, आणि देव्हाऱ्यात समईशेजारी तर मुळीच नको. मेण आहे ते.