वाऱ्यावरचा निखारा

प्रश्न : ताई, आम्ही चौघं मित्र गाडीने लांबच्या प्रवासाला जातो आणि मुक्काम बहुतेक वेळा तंबूतच असतो. सोबत लहान हुक्का असतो. घरी इलेक्ट्रिक शेगडीवर नारळाच्या कोळशाच्या वड्या दहा मिनिटांत लाल होतात. बाहेर मात्र वारा सुटला की गॅसवर अर्धा तास ठेवूनही वडी एका बाजूने काळीच राहते. मग कंटाळून मॅजिक कोल, म्हणजे काडी लावताच पेटणाऱ्या कोळशाच्या तयार चकत्या, पेटवतो. त्याने चव बिघडते आणि माझं डोकंही दुखतं. बाहेर कोळसा पेटवायची खात्रीची पद्धत सांगाल का?

उत्तर : सांगते, पण त्याआधी तुमच्या डोकेदुखीबद्दल. तुम्ही ती चवीच्या तक्रारीला जोडून एका ओळीत उरकलीत. मला मात्र तुमच्या पत्रातली तीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटली. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वासही नाही. हुक्क्यात तर तो धुराबरोबर थेट छातीत जातो. डोकं जड होणं, गरगरणं, मळमळणं या त्याच्या विषबाधेच्या पहिल्या खुणा आहेत. धूर पाण्यातून येतो म्हणजे गाळून येतो, असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही, कारण हा वायू पाण्यात जवळपास विरघळतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००५ मध्येच सांगितलं होतं की हुक्क्याच्या तासाभराच्या एका बैठकीत एका सिगारेटच्या १०० ते २०० पट धूर आत घेतला जाऊ शकतो. त्यामुळे मला विचाराल तर हुक्का घरीच ठेवा, आणि घरीही ओढू नका. पण तुम्ही तो नेणारच आहात हे दिसतंय. मग कोळसा तरी पूर्ण पेटलेला असावा, यासाठी पुढचं सगळं लिहिते आहे.

मॅजिक कोल लगेच पेटतो, कारण त्यात नायट्रेट मिसळलेलं असतं. प्राणवायू त्याच्या पोटातच असतो म्हणा ना. म्हणूनच काडी लावल्याबरोबर ठिणग्या तडतडत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावतात आणि फटाक्यासारखा वास येतो. लोक ठिणग्या थांबल्या की चकती चिलमीवर ठेवतात. तेव्हा ती वरून पेटलेली असते, पण आत अजून धुमसत असते आणि ते सगळं तुमच्या नळीत उतरतं. मॅजिक कोलशिवाय गत्यंतरच नसेल तर चकती चिमट्यात धरा किंवा जाळीवर ठेवा. धूर पूर्ण थांबून ती दोन्ही बाजूंनी राखाडी झाल्याशिवाय तिला हुक्क्याजवळ नेऊ नका. तरीही मी म्हणेन, करवंटीचाच कोळसा न्या. तो पेटायला वेळ घेतो, पण त्यात पेटवायचं रसायन नसतं आणि एक वडी तासभर धग धरते.

आता वारा. तुमची वडी एका बाजूने काळी राहते याचं कारण म्हणजे वाऱ्याने ज्योत आडवी होते. गॅस जळतो, पण त्याची उष्णता वडीला न लागता बाजूने निघून जाते. कोळसा एकदा पेटला की वारा त्याला आणखी फुलवतोच, अडचण असते ती पेटेपर्यंतच. म्हणून मी स्टीलचा चमचे ठेवायचा स्टँड वापरते, तो भोकाभोकांचा उभा डबा असतो ना, तोच. त्याच्या आत तळापासून थोडी वर स्टीलची जाडसर जाळी बसवायची, तिच्यावर वड्या सैल, एकमेकींना जेमतेम टेकतील अशा रचायच्या आणि डबा गॅसच्या ज्योतीवर ठेवायचा. गॅस नसेल तर तीन दगडांवर ठेवून खाली सुक्या काटक्या पेटवायच्या. खालून हवा आत ओढली जाते आणि उष्णता सरळ वर चढते, त्यामुळे डबा धुराड्यासारखं काम करतो. बाजूच्या पत्र्यामुळे वारा ज्योतीला हात लावू शकत नाही. पाच-सहा मिनिटांनी लांब चिमट्याने खालच्या वड्या वर आणि वरच्या खाली करायच्या. हे उलटंपालटं करणं चुकवू नका, अर्धवट वड्या बहुतेक याच आळसातून येतात.

डबा आणि जाळी घेताना एक काळजी घ्या. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा, बादलीचा किंवा कुंपणाच्या जाळीचा, अजिबात नको. निखाऱ्याच्या उष्णतेने जस्ताची वाफ निघते आणि ती श्वासात गेली तर थंडी भरून ताप येतो. नॉनस्टिक तवाही नको. स्टील किंवा लोखंड घ्या.

वडी तयार झाली हे ओळखायला तिच्याकडे जवळून बघावं लागतं. सुरुवातीला बारीक तडतड ऐकू येते आणि पांढुरका धूर निघतो, ती आतली ओल असते. मग कोपरे आणि कडा राखाडी होतात, कारण तिथे तीन बाजूंनी हवा लागते. त्यानंतर राखाडी रंग कडेकडून मधे सरकत जातो आणि शेवटी प्रत्येक बाजूच्या मधोमध एक काळा ठिपका उरतो. तो ठिपका असेपर्यंत वडी कच्ची आहे. चिमट्यात उचलून सहाही बाजू फिरवून बघा, हलकी फुंकर मारा. ज्योत नाही, धूर नाही, वास नाही आणि फुंकर मारल्यावर सगळा पृष्ठभाग एकसारखा नारिंगी उजळला, की ती झाली. भर उन्हात हा उजाळा दिसत नाही, तेव्हा पाठ सूर्याकडे करून स्वतःच्या सावलीत बघायचं. उन्हात लाल दिसली नाही म्हणून वडी विझली समजून बोट लावणारे लोक मी पाहिले आहेत.

गॅसच्या शेगडीभोवती आडोसा करायचा असेल तर तीनच बाजूंनी करा आणि गॅसचा कॅन आडोशाच्या बाहेर राहू द्या. शेगडी कॅनच्याच डोक्यावर बसणारी असेल तर भोवती पत्रा गुंडाळणं म्हणजे कॅन भाजणं आहे. निखाऱ्यांची धग खालीही उतरते आणि तापलेला कॅन फुटतो. अधूनमधून कॅनला हात लावून बघा, हात ठेवून घेववत नसेल तर गॅस ताबडतोब बंद. थंडीच्या ठिकाणी याच्या उलट अडचण येते. नुसत्या ब्युटेनचा कॅन शून्य अंशाच्या आसपास पडून राहतो, कारण ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायूच होत नाही. तिथे आयसोब्युटेन आणि प्रोपेन मिसळलेला कॅन न्या, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतो. ३,००० मीटरच्या वर गेलात तर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच उरतो. वडी रेंगाळत पेटते आणि शेगडीचं खटक्याचं बटण पुष्कळदा ठिणगीच देत नाही. काडेपेटी कोरड्या डबीत सोबत ठेवा.

शेकोटीवर पेटवायचं असेल तर ज्वाळेत टाकू नका, काजळी धरते आणि ओल्या लाकडाचा चीकही लागतो. ज्वाळा बसून नुसता विस्तव उरला की जाळीत वड्या ठेवून त्यावर धरा. पेट्रोल, रॉकेल, स्पिरिट, पेटवायचा कुठलाही द्रव कोळशावर ओतायचा नाही. तो कोळशात मुरतो आणि मग तुमच्या छातीत जातो. शिवाय स्पिरिटची ज्योत उन्हात दिसतही नाही आणि विझली समजून कुणी पुन्हा ओततं.

गाडीतल्या सॉकेटवर इलेक्ट्रिक शेगडी चालेल का, असं तळटिपेत विचारलं आहेत. नाही चालणार. ते सॉकेट १२ व्होल्टचं असतं आणि फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा, म्हणजे १२० ते १८० वॉट. शेगडीला साधारण ६०० वॉट लागतात, फ्यूज उडेल. मोठा पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे सोबत नेता येणारा मोठा बॅटरीचा संच, असेल तर गोष्ट वेगळी. ६०० वॉटची शेगडी दहा मिनिटं म्हणजे १०० वॉट-तास, एवढं त्यातून सहज निघतं. आणि वाऱ्याचा प्रश्नही जवळपास सुटतो.

प्रश्न : ऐन वेळी पाऊस आला तर तंबूच्या पडवीत, झिप उघडी ठेवून कोळसा पेटवला तर चालेल ना? आणि रात्री विझत आलेले निखारे उबेसाठी आत ठेवले तर? धूर तर नसतो त्यांना.

उत्तर : दोन्हीला नाही. पहिल्यालाही नाही आणि दुसऱ्याला तर हात जोडून नाही.

धूर नसतो म्हणूनच तर भीती आहे. ज्वाळा गेली, धूर गेला, राखेची साय धरली, की माणसाला वाटतं आता हे निरुपद्रवी आहे. कोळसा त्याच अवस्थेत तासन् तास कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. आतल्या निखाऱ्याला हवा कमी पडली की हा वायू आणखी वाढतो. झिप उघडी ठेवल्याने धोका टळत नाही. पावसात तंबूचं कापड भिजून घट्ट होतं, हवा खेळत नाही आणि पडवीतला वायू आत झोपायच्या जागेत शिरतो. झोपलेल्या माणसाला डोकेदुखी कळत नाही. तो त्या झोपेतून उठतच नाही. तंबूत, गाडीत, कॅम्परव्हॅनमध्ये निखारे नेल्याने माणसं दगावल्याच्या घटना जगात सगळीकडे घडतात, आणि बहुतेक वेळा मागचं कारण हेच असतं: थंडी होती आणि निखारे ‘विझत आलेले’ होते.

पाऊस आला तर त्या दिवशी हुक्का राहू द्या. उबेसाठी गरम पाण्याची बाटली झोपायच्या पिशवीत घ्या.

कुणाला गरगरायला लागलं, मळमळलं, किंवा एकाच जागी बसलेल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, तर कारण शोधत बसू नका. सगळे उघड्यावर या, निखारे लांब ठेवा. ग्लानी असेल किंवा मोकळ्या हवेतही लवकर बरं वाटलं नाही तर दवाखाना गाठा. तिथे ‘आम्ही निखाऱ्याजवळ होतो’ हे आपणहून सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर या विषबाधेत फसतं. ते रक्तातला कार्बन मोनॉक्साइड आणि प्राणवायू यांत फरक करू शकत नाही आणि ९८ दाखवत राहतं. तुम्ही सांगितलंत तर डॉक्टर रक्त तपासतील.

प्रश्न : विमानाने जाताना कोळसा आणि पेटवायचं सामान नेता येतं का?

उत्तर : कोळसा नेऊ नका. मालवाहतुकीच्या नियमांत तो आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत, ४.२ या वर्गात, धरला जातो. अनेक विमान कंपन्या प्रवासी सामानात तो घेत नाहीत. मॅजिक कोलचं तर नावच काढू नका. गॅसचे कॅन हातातल्या सामानातही चालत नाहीत आणि चेक-इन सामानातही नाहीत. जोरदार निळ्या ज्योतीचा टॉर्च लायटर बहुतेक ठिकाणी काढून घेतात. रिकामी, धुऊन कोरडी केलेली गॅसची शेगडी नेता येते, पण कंपनीला आधी विचारून. इलेक्ट्रिक शेगडी, स्टीलचा डबा आणि चिमटा चेक-इन सामानात जातात. कोळसा पोहोचल्यावर घ्या आणि हवाबंद डब्यात ठेवा. दमट वडी पेटताना फुटते आणि तिचे तापलेले कपचे उडतात.

प्रश्न : समुद्रकिनारी उरलेले निखारे वाळूत पुरतो. ते बरोबर आहे का?

उत्तर : नाही, कृपा करून हे थांबवा. वाळू निखारा लगेच विझवत नाही, झाकते. वरची वाळू गार दिसते, खाली धग तासन् तास टिकते आणि नंतर तिथून अनवाणी धावणारं लहान मूल त्यावर पाय देतं. पाण्याने भरलेल्या स्टीलच्या भांड्यात निखारे एकेक करून सोडा, तोंड लांब ठेवा, वाफ जोरात येते. मग ढवळा, पुन्हा पाणी घाला आणि हाताची मागची बाजू वर धरून धग लागते का बघा. पाणी कमी असेल तर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात कोंडा. हवेविना ते विझतात, पण डबा सकाळपर्यंत उघडू नका आणि तंबूत किंवा गाडीतही ठेवू नका. थंड झालेला कोळसा आणि राख आपल्याबरोबर परत न्या.

कुणी भाजलंच तर तो भाग वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा, बर्फ, टूथपेस्ट, तेल काही लावू नका. तळपाय भाजला असेल, मूल लहान असेल किंवा फोड तळहाताएवढा असेल तर पाण्यानंतर लगेच डॉक्टरकडे जा.