‘गूढ प्रकाश’ म्हणावं का?

मुंबईच्या एका दैनिकात बातम्यांचं भाषांतर करणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे: ‘सैनिकांना रात्री आकाशात काहीतरी चमकताना दिसलं, पण ते काय होतं ते कळलं नाही, अशा बातमीत गूढ, अज्ञात, अनाकलनीय यांपैकी कोणता शब्द घ्यावा? आमच्याकडे तिन्ही सरसकट चालतात.’

ताई, ‘अनाकलनीय’ आधी बाजूला ठेवा. ‘वाचनीय’, ‘पूजनीय’ यांतला ‘अनीय’ प्रत्यय योग्यता किंवा शक्यता सांगतो. त्यामुळे अनाकलनीय म्हणजे ज्याचं आकलन होऊच शकत नाही ते. २०१२ मध्ये लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांनी आकाशात तेजस्वी वस्तू दिसल्याचं वारंवार नोंदवलं, ड्रोनचा संशयही आला. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासल्यावर ते गुरू आणि शुक्र निघाले. पहाऱ्यावरच्या माणसाने दिसेल ते कळवायचंच असतं, जवानांनी तेच केलं. आकलन मात्र झालं, म्हणजे शब्द खोटा पडला.

‘गूढ’चा धातू गुह्, म्हणजे लपवणे, गुहा, गुह्य हे त्याचेच नातेवाईक. या शब्दात कुणीतरी काहीतरी दडवलंय अशी सूचना राहते, आणि मथळ्यांना तो आवडतो तो त्याचमुळे. ‘अज्ञात’ चालेल. पण मला त्याहून नेमकं वाटतं ते आपल्या पोलिसी बातम्यांतलं वाक्य: ‘ओळख अद्याप पटलेली नाही.’ ओळख पटवायचा प्रयत्न झाला आणि उद्या ती पटूही शकेल, हे दोन्ही त्यातल्या ‘अद्याप’मध्ये येतं.

खरी अडचण विशेषणापेक्षा नामाची आहे. डिसेंबर १९८० मध्ये इंग्लंडच्या रेंडलशम जंगलाजवळ जे दिसलं, त्याबद्दल अमेरिकी हवाई दलाचे लेफ्टनंट कर्नल चार्ल्स हॉल्ट यांनी जानेवारी १९८१ मध्ये टिपण पाठवलं. विषय होता ‘अनएक्सप्लेन्ड लाइट्स’. आता हे ‘लाइट्स’ मराठीत कसे आणायचे? आपला प्रकाश मोजता येत नाही. ‘तीन प्रकाश दिसले’ हे कानाला खटकतं. ‘दिवे’ म्हटलं की ते कुणीतरी लावलेले ठरतात. ‘तेजोगोल’ आकार ठरवून टाकतो, ‘उडती तबकडी’ तर आकारही आणि उड्डाणही. हॉल्ट यांनी टिपणात आकाशातल्या तीन वस्तूंना ताऱ्यांसारख्या म्हटलं आहे. तिथे ‘ताऱ्यांसारखे तीन ठिपके’ लिहिलं तर साक्षीदाराच्या तोंडी त्याने न सांगितलेलं काही जात नाही. नाम सापडलंच नाही, तर क्रियापदावर भागवा. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलेला माणूसही ‘काहीतरी चमकतंय बघ’ एवढंच म्हणतो, आणि ते पूर्ण मराठी वाक्य आहे.

दोन गोष्टी राहिल्या. हवाई दलाच्या माणसांना ‘लष्करी साक्षीदार’ म्हणू नका. लष्कर म्हटलं की वाचक भूदल समजतो. आणि ‘दावा केला’ऐवजी ‘नोंदवलं’ लिहा. ‘दावा’ शब्दात अविश्वास आहे, आणि सैनिकाने वरिष्ठांना दिलेल्या लेखी अहवालाबद्दल तो दाखवायला बातमीदाराकडे वेगळं कारण हवं.