‘वयस्क’ म्हणजे अठराचा की साठीचा?

नागपुरात नर्सिंगचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. म्हातारपणातल्या आरोग्यावरच्या संशोधनासाठी त्या हिंदी संमतीपत्र आणि प्रश्नावली मराठीत आणताहेत. हिंदीतले ‘वयस्क’ आणि ‘वृद्ध वयस्क’ हे शब्द तसेच ठेवले तर चालतील का? आणि विषयाचं नाव ‘जराशास्त्र’ लिहावं की ‘वार्धक्यशास्त्र’?

‘वयस्क’ अजिबात ठेवू नका. हिंदीत वयस्क म्हणजे सज्ञान, अठरा पूर्ण केलेला. मराठीत वयस्क म्हणजे वयस्कर, उतारवयाचा. मूळ एकच. संस्कृतात ‘वयस्’ म्हणजे वय, आणि ऐन तारुण्यही. हिंदीनं ‘वयात आलेला’ हा अर्थ धरला, मराठीनं ‘वय झालेला’. ‘समवयस्क’ म्हणताना आपल्यालाही म्हातारपण आठवत नाही, पण ‘वयस्क’ सुटा आला की डोळ्यांपुढे आजोबाच येतात. ‘प्रौढ’चंही तसंच. आपलं प्रौढ शिक्षण अठरापुढच्या सगळ्यांसाठी असतं, हिंदीतला प्रौढ मात्र बहुधा चाळिशी ओलांडलेला.

नागपुरात दोन्ही भाषा एकाच घरात नांदतात, म्हणून ही चूक पटकन लक्षात येत नाही. मागे आमच्या गल्लीत सर्वेक्षणाला एक मुलगी आली होती. शेजारच्या काकूंना तिनं विचारलं, “घरात वयस्क किती?” काकू म्हणाल्या, “एकच जी, आमच्या सासूबाई.” घरात काकू, काका आणि दोन नोकरीवाली मुलंही होती. रकान्यात ‘१’ पडला. पाचातली चार माणसं कागदावरून गळाली आणि कोणालाच काही खटकलं नाही.

त्यामुळे ‘वयस्क’च्या जागी ‘प्रौढ’ आणि ‘वृद्ध वयस्क’च्या जागी ‘ज्येष्ठ व्यक्ती’ लिहा, आणि दोन्हीकडे वय आकड्यात द्या. वयाची रेघ एकट्या शब्दावर सोडता येत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्यात ज्येष्ठत्व ६०ला सुरू होतं. देशभरातल्या वार्धक्याच्या ‘लासी’ या मोठ्या पाहणीत, जिच्यात मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, ४५पासूनची माणसं घेतली आहेत. ‘वरिष्ठ नागरिक’ही टाळा. आपल्याकडे वरिष्ठ म्हणजे साहेब. ‘बुढा’, ‘बुढी’ घरात मायेनं चालतात, पण प्रश्न विचारायला आलेल्या परक्या माणसाच्या तोंडी ते बोचतात. समोरासमोर ‘आबाजी’, ‘आजी’ म्हणा.

आता विषयाचं नाव. ‘जरा’, म्हणजे म्हातारपण, हा शब्द मला फार प्रिय आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक जराचिकित्सा. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफनं १९०३ साली या विषयाचं ‘जेरोंटोलॉजी’ हे नाव घडवलं ते ग्रीक ‘गेरॉन’वरून, आणि गेरॉन, म्हणजे म्हातारा, हा आपल्या ‘जरा’चा सख्खा भाऊबंद. पण मराठीत थोडं या अर्थाचा फारसीतून आलेला ‘जरा’ही आहे. बोलताना दोन्ही वेगळे ऐकू येतात: म्हातारपणाच्या जरेतला ज ‘जय’मधला, तर थोड्या ‘जरा’तला ‘जड’मधला. लिहिताना दोघांचं अक्षर एकच. संमतीपत्रात ‘जराशास्त्र’ दिसलं की आबाजी ते ‘जरा, शास्त्र’ असं वाचतील. म्हणून ‘वार्धक्यशास्त्र’च घ्या. ‘जेरियाट्रिक्स’ हा शब्द अमेरिकन डॉक्टर नाशरनं १९०९ साली रूढ केला. त्यात उपचार येतात, म्हणून त्याला ‘वार्धक्यवैद्यक’. शास्त्रात म्हातारपणाचा पैसा, एकटेपणा, घर हे सगळं येतं. वैद्यकात दुखणी आणि औषधं.

न विचारलेली एक गोष्टही सांगते. तुमच्या मसुद्यात ‘मेडिकल तपासणी’ आहे, ते बदला. ‘मेयो’सारखंच ‘मेडिकल’ हे नागपूरकरांसाठी एका दवाखान्याचं नाव आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या. वजन आणि रक्तदाब तुम्ही घरी येऊनच पाहणार आहात. तरी तो शब्द वाचून आजी आधी मुलाला विचारतील, “मेडिकलला मला नेईल कोण?” आणि सही करणार नाहीत. ‘घरी येऊन तपासणी’ एवढंच लिहा.